व्हायरसला मारायचं का पेशीतला सिग्नल तोडायचा?

कृष्णाकाठ_सांगली:
गल्लीत घरोघरी ताप-खोकला चाललाय म्हणून विषय काढतो. फ्लूच्या व्हायरसकडं जनुकांचे जेमतेम ८ तुकडे, बाकी सगळी कामं तो आपल्या पेशीकडनं करून घेतो. त्या जनुकांच्या, म्हणजे आरएनएच्या, नव्या प्रती पेशीच्या केंद्रकात तयार होतात, पण तिथनं बाहेर पडायला पेशीचाच राफ-मेक-ईआरके हा सिग्नल चालू व्हावा लागतो, जो खरं तर पेशीनं वाढावं, विभागावं यासाठी असतो. लॅबमध्ये या साखळीतला मेक हा दुवा बंद केला की बऱ्याच प्रती आतच अडकून पडतात. औषध इथं मारा करणारं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. थेट व्हायरसवर मारा केला की तो बदलतो, फ्लूचं जुनं औषध अमॅन्टाडीन बघा, आता फ्लूला कोण देतं?

मिरजेचा_फार्मासिस्ट:
नाही पटलं सर. मेक रोखणारं ट्रामेटिनिब कॅन्सरला देतात, त्यानं पुरळ येतं, जुलाब होतात, हृदयालाही त्रास होऊ शकतो, साध्या तापाच्या पोराला ते कसं द्यायचं? तो सिग्नल निरोगी पेशीलाही लागतोच की. उलट हेपटायटिस सी बघा, सोफोसबुविर थेट व्हायरसच्या पॉलिमरेजला, म्हणजे त्याच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमला, अडवतं, जोडीला दुसरं औषध देऊन १२ आठवड्यांत बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात.

कृष्णाकाठ_सांगली:
कॅन्सरला गोळी महिनोन्महिने चालते, फ्लूला चार-पाच दिवस पुरतील, दोन्हीचा त्रास एकाच मापानं कसा मोजता? आणि पेशीवर काम करणारं औषध आधीच आहे, एचआयव्हीचं माराविरॉक, २००७ पासनं. व्हायरस ज्यातनं आत शिरतो तो पेशीवरचा सीसीआर५ नावाचा दरवाजा अडवतं, व्हायरसला हातही लावत नाही.

कऱ्हाडकरीण:
माराविरॉकच घ्या ना, ते सुरू करायच्या आधी टेस्ट करावी लागते, कारण काही पेशंटमध्ये व्हायरस सीएक्ससीआर४ या दुसऱ्या दरवाजातनं आत शिरतो आणि मग गोळीचा उपयोग नाही. म्हणजे पळवाट इथंही आहेच. शिवाय पेशीत दडून बसलेला एचआयव्ही जागा होतो तो एनएफ-कॅप्पा-बी या पेशीतल्याच सिग्नलमुळं, आणि तोच सिग्नल आपल्या प्रतिकारशक्तीलाही लागतो, तो तोडला तर दुसरं इन्फेक्शन झाल्यावर काय करणार?

वाळव्याचा_दूधवाला:
आमच्याकडं २०२२ ला लंपी आला, गाईच्या अंगभर सुपारीएवढ्या गाठी, चारा तोंडात घेईना, दूध आटलं. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली. मला तर लस वेळेवर मिळणं जास्त महत्त्वाचं वाटतं बगा.

कृष्णाकाठ_सांगली:
लस पाहिजेच, त्यात वादच नाही दादा. पण लंपीच्याच कुळातला व्हॅक्सिनिया व्हायरस स्वतः वाढीचा सिग्नल तयार करून शेजारच्या पेशींना विभागायला लावतो, एवढं कळलंय तर त्यावर औषध शोधायला नको का? लस टोचायच्या आधीच गाठी उठल्या तर त्या गाईला काय देणार?

मिरजेचा_फार्मासिस्ट:
शोधा की, मी शोधू नका म्हणत नाही. पण पाच दिवसांचा कोर्स माणसात सुरक्षित आहे हे मोठ्या ट्रायलमध्ये दिसल्याशिवाय मी तरी त्याच्या बाजूनं बोलणार नाही.