आधी निष्कर्ष, मग बाकीचं

वेळ कमी असताना अहवाल किंवा परीक्षेतलं उत्तर पटकन कसं लिहावं, या प्रश्नावर दोघा-तिघांनी 'आधी नीट आराखडा करा, मग लिहा' असं सुचवलंय. हाताशी दोन दिवस असतील तर ठीक. पण साहेबांनी चारला सांगून सहाला अहवाल मागितला, तर आराखड्यातच अर्धा वेळ जातो. अशा वेळी मी थेट निष्कर्ष लिहायला घेतो. 'पुरवठादार बदलावा, कारण आताचा माल वेळेवर देत नाही' एवढं एक वाक्य उतरलं की कुठली माहिती हवी आणि कुठली नुसती भरताड, हे लगेच कळतं. बातमीतला उलटा पिरॅमिड हाच: महत्त्वाचं वर, तपशील खाली. जागा कमी पडली तर शेवटून कापलं तरी बातमी उभी राहते.

लिहिताना एखादा आकडा आठवला नाही, तर तिथे 'आकडा??' असं टाकून पुढे जायचं. तो शोधायला ब्राउझर उघडला की संपलंच! शेवटी '??' शोधून गाळलेल्या जागा भरायच्या. (हे विसरून तसेच पुढे गेलेले अहवालही पाहिलेत.)

परीक्षेचं गणित जरा वेगळं. 80 गुण आणि 3 तास म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. 5 गुणांच्या उत्तराला साधारण 11. तेवढी झाली की खाली जागा सोडून पुढचा प्रश्न घ्यायचा. कुठल्याही उत्तराचे पहिले दोन-तीन गुण पटकन मिळतात, शेवटच्या अर्ध्या गुणासाठी मात्र पानभर घासावं लागतं.

तपासायला पाचच मिनिटं उरली असतील तर पहिला परिच्छेद, नावं आणि आकडे पाहा. ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर.