दुधाचे दात पडणारच, पण…

बरेच जण म्हणतात, "दुधाचे दात पडणारच, मग त्यावर खर्च कशाला?" अगदी हेच माझ्या सासूबाईही म्हणायच्या. पण मागच्या दुधाच्या दाढा पडायला दहा-बारा वर्षं उजाडतात. तोवर किडलेल्या दाढेनं पोर जेवायचं कसं? शिवाय ती दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दातांना जागा उरत नाही.

आमच्याकडे घोळ झाला तो रात्रीच्या दुधाच्या बाटलीनं. साखर घातलेलं दूध पीत पीतच लेक झोपायची. दीड वर्षाची असताना वरच्या पुढच्या दातांवर पांढरट पट्टे दिसले, मला वाटलं दुधाचेच डाग! तीच किडीची सुरुवात होती. पहिला दात आला की ब्रश सुरू करायचा, तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, हे तेव्हा कळलं.

गरोदरपणात दातांना हात लावू नये, हाही गैरसमजच. हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं. चौथा ते सहावा महिना उपचारांना सगळ्यात सोयीचा, फक्त डॉक्टरांना दिवस गेल्याचं आधी सांगा.

खर्चाचं म्हणाल तर पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजची ओपीडी आहे. कॉलेजात विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक तपासतात. वेळ जातो (डबा घेऊनच जा), पण खासगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. अंगणवाडीत मुलांची तपासणी करायला सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यात दातही बघतात. त्या दिवशी मुलांची दांडी होऊ देऊ नका.