४० हजारांत घरची स्टिरिओ सिस्टिम: पैसे नेमके कशावर घालावेत?

खर्ज_प्रेमी: खोली १० × १२ फूट, खाली टाइल्स, एका भिंतीला काचेची स्लायडिंग खिडकी. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि अभंग, तेही फोनवरून. दुकानदार म्हणतो स्पीकर साधे चालतील, पण अ‍ॅम्प्लिफायर १०० वॉटचा, भारी केबल आणि वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारं यंत्र) हवाच. खरं आहे का?

दोनतारी: उलटं आहे. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर घाला. आजचे साधे अ‍ॅम्प्लिफायर आवाजात एकमेकांच्या जवळ जाणारे असतात. दोन स्पीकरमधला फरक मात्र कोणालाही लगेच कळतो.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. ५० ऐवजी १०० वॉट घेतले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (१ वॉटला १ मीटरवर जेवढा आवाज मिळतो तो आकडा) स्पीकरला ८ फुटांवरून ऐकताना १ वॉटवरच खोली भरते. तानेच्या किंवा तबल्याच्या थापेच्या उसळीसाठी ५० वॉट पुरे. स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) असेल तर अ‍ॅम्प्लिफायरवर ४ ओहम लिहिलंय ना, तेवढं बघा.

केबलचं म्हणाल तर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५ मीटरपर्यंत उत्तम. जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.१२ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. डॅकसाठी फोनला लागणारा छोटा डोंगल पुरतो.

भिंत_आणि_नाद: स्पीकरबद्दल सहमत, पण या खोलीत त्याहून आधी खोलीच बघायला हवी. टाळी वाजवून बघा. मागे झणझण राहिली तर गायकाचे 'स', 'श' कानाला टोचणार. जाड गालिचा, खिडकीला जड पडदा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट, एवढ्याने फरक पडतो. अंड्यांचे ट्रे लावू नका, उपयोग नाही.

१२ फूट लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर तो खर्ज फुगतो, लांबीच्या बरोबर मध्ये बसलात तर नाहीसा होतो. म्हणून स्पीकर १० फुटी भिंतीपाशी, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवा आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर. ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कानाच्या उंचीला.

खर्ज_प्रेमी: स्पीकर भिंतीतल्या खणातच ठेवावे लागले तर?

दोनतारी: मग मागे भोक असलेले घेऊ नका. बंद पेटीचे किंवा पुढे भोक (पोर्ट) असलेले घ्या, आणि पोर्टमध्ये फोम घालून बघा, घुमणं कमी होतं. स्पीकरचा पुढचा भाग खणाच्या कडेशी सरळ यायला हवा, आत राहिला तर आवाज पेटीतून आल्यासारखा होतो. खाली रबरी पाय लावा.

जोडल्यावर एक नक्की तपासा. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो पसरलेला वाटला आणि डग्गा पोकळ लागला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. फक्त त्याच एकाची अदलाबदल करा, दोन्हींची नको.