आधी जनुक मिटते की आधी कुलूप लागते?

केशरमळा (धागाकर्ता): कर्करोग म्हटला की आपण उत्परिवर्तन शोधू लागतो, पण मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत एमएलएच१ या जनुकाच्या अक्षरांत एकही चूक नसते आणि तरीही ते बंद पडलेले असते. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका सुधारणारे प्रथिन याच जनुकापासून बनते. या जनुकाच्या आरंभीच्या भागातील सायटोसिन या डीएनए-अक्षरावर मिथाइल हे छोटे रासायनिक गट बसले, म्हणजेच मिथायलेशन झाले, की वाचन थांबते, दुरुस्ती खुंटते आणि चुका साचत जातात. अशा पेशींना प्रयोगशाळेत मिथाइल गट घटवणारे डेसिटाबिन हे औषध दिले की जनुक पुन्हा चालू होते, दुरुस्तीही परत येते. म्हणून मिथायलेशन हे कर्करोगाचे कारणच आहे, असे माझे मत आहे.

तळटीप: असहमत. मिथायलेशनचे कुलूप तोडल्यावर दार उघडले, एवढ्यावरून दार कुलपानेच लोटले होते असे ठरत नाही. २००३ च्या एका प्रयोगात, मिथाइल गट बसवणारी दोन विकरे (एन्झाइम) काढून टाकलेल्या आतड्याच्या कर्कपेशींत पेशींची वाढ रोखणारे पी१६ हे जनुक उघडले खरे, पण पेशी वाढवत नेल्यावर ते पुन्हा मिटले. त्या वेळी डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एच३ च्या नवव्या लायसिनवर (एका अमिनो आम्लावर) जनुक बंद ठेवणारी खूण उमटली होती, डीएनएवर मात्र मिथाइल गट अजून आलेले नव्हते. शिवाय कर्करोगात मिथायलेशन होणारी कितीतरी जनुके मूलपेशींत आधीपासूनच जनुके बंद ठेवणाऱ्या पॉलिकोंब प्रथिनांच्या ताब्यात असतात. निजलेल्यालाच पांघरूण घातले जाते!

केशरमळा: पी१६ बाबत मान्य. एमएलएच१ मात्र निजलेले नसते. निरोगी आतड्यात ते रोज राबत असते. काही थोड्या व्यक्तींच्या शरीरभरच्या पेशींत या जनुकाच्या एका प्रतीवर जन्मापासून मिथायलेशन आढळते आणि त्यांना तरुणपणीच असे कर्करोग होतात. इथे मिथायलेशन गाठीच्या कितीतरी आधीचे आहे, हे आपण कसे नाकारणार?

उंबरठा: ती उदाहरणे विरळा आहेत. नेहमीच्या, म्हणजे उतारवयातील रुग्णांत एमएलएच१ च्या मिथायलेशनसोबत बहुधा पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हे उत्परिवर्तन सापडते. २०१४ च्या संशोधनानुसार त्याच बिघडलेल्या संदेशामुळे एमएएफजी हे प्रथिन जनुकापाशी जमते आणि मिथाइल बसवणाऱ्या विकराला बोलावून घेते. त्यामुळे कुलूप खरे असले, तरी ते लावणारा हात उत्परिवर्तनाचाच आहे. गाठीत एमएलएच१ प्रथिन नसल्याचे दिसले की पुढे या दोन्ही खुणा तपासतात, कारण त्या सापडल्या तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे दुरुस्तीच्या जनुकांतील दोषामुळे कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराची, शक्यता बरीच कमी होते आणि रुग्णाच्या भावंडांना तपासणीच्या रांगेत उभे करावे लागत नाही.