मदत हवी आहे: शारजाहमधली नोकरी सुटतेय, कंपनी नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी द्यायला तयार नाही

संगमेश्वरी

नमस्कार. माझे यजमान शारजाहला एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर आहेत. मार्च 2016 मध्ये लागले, या मार्च 2025 ला नऊ वर्षं पूर्ण झाली. आता काम कमी आहे म्हणून कंपनी काही जणांना परत पाठवतेय, त्यात त्यांचं नाव आहे. सगळं तोंडी सांगितलंय, हातात कागद एकही नाही.

पगार 3,200 दिरहम, त्यात बेसिक 1,800, बाकीचे भत्ते. ऑफिसवाले म्हणतात, 2023 मध्ये नवीन कॉन्ट्रॅक्टवर सही केली तेव्हा जुनी नोकरी संपली, हिशेब फक्त पुढच्या दोन वर्षांचा. म्हणजे 2,520 दिरहम, आणि विमानाचं तिकीटही त्यातूनच. शिवाय आग्रह असा की राजीनामा तुम्हीच लिहून द्या, म्हणजे व्हिसा लवकर कॅन्सल होईल.

काल त्यांनी व्हिसा कॅन्सल करायच्या कागदाचा फोटो पाठवला. वर अरबी, खाली इंग्रजी. त्यात लिहिलंय की माझं सगळं येणं मला मिळालं, कंपनीकडे काही बाकी नाही. रकमेची जागा कोरी आहे आणि सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे. परवापर्यंत सही हवी म्हणतात.

घरात दोन मतं आहेत. मोठे दीर म्हणतात वाद घालू नका, देतील ते घेऊन या, नाहीतर परत गल्फचा व्हिसा मिळायचा नाही. पण मुलीला यंदा नर्सिंगला घालायचं ते याच पैशांच्या भरवशावर ठरवलं होतं, आणि नऊ वर्षं त्या उन्हात वेल्डिंग केलेल्या माणसाने दोन वर्षांचे पैसे घेऊन का यावं, हे मला पटत नाही. कायद्याने नक्की किती मिळायला हवं? सही न करता अडून बसले तर पोलिसात वगैरे देतील का? कोणी तिथे असेल तर कृपया लवकर सांगा.

दुबईस्थित पेणकर

ताई, पहिली गोष्ट: आज रात्रीच यजमानांना फोन करून सांगा, रक्कम लिहिलेली नाही आणि पैसे खात्यात आलेले नाहीत तोवर त्या कागदावर सही करू नका. मी इथे पगारपत्रकांचंच काम करतो. पुढे तक्रार केली की कंपनी सगळ्यात आधी हाच कागद पुढे करते.

आता हिशेब. यूएईचा सध्याचा कामगार कायदा 2021 चा 33 क्रमांकाचा, 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं. भत्ते धरत नाहीत, शेवटचं बेसिक धरतात. 1,800 म्हणजे रोजचे 60 दिरहम. पाच वर्षांचे 105 दिवस, पुढच्या चार वर्षांचे 120, एकूण 225 दिवस. झाले 13,500 दिरहम. न घेतलेली रजा शिल्लक असेल तर तिचे पैसे वेगळे, तेही बेसिकवर.

नवीन कॉन्ट्रॅक्टची सबब टिकणारी नाही. नव्या कायद्यात बेमुदत कॉन्ट्रॅक्ट बंद झाली, म्हणून 2023 अखेरपर्यंत लाखो लोकांची कॉन्ट्रॅक्ट बदलली गेली. मालक तोच आणि नोकरीत खंड नाही, तर नूतनीकरण जुन्या सेवेतच मिळवायचं असं कायद्यातच लिहिलंय.

संगमेश्वरी

दादा, खूप आधार वाटला. त्यांना लगेच फोन केला, सही केलेली नाही. एक विचारायचं राहिलं. 2020 मध्ये कोविडला कंपनीने चार महिने बिनपगारी घरी पाठवलं होतं. ते धरतील का? आणि राजीनाम्याचं काय करायचं?

दुबईस्थित पेणकर

बिनपगारी दिवस सेवेत धरत नाहीत, ते कंपनी कापू शकते. मग सेवा आठ वर्षं आठ महिने, साधारण 215 दिवस, म्हणजे 12,900 दिरहम. भांडताना हाच आकडा धरा. फुगवून मागितलं की समोरच्याला बोट ठेवायला जागा मिळते.

राजीनामा अजिबात लिहू नका. जुन्या कायद्यात राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी कमी व्हायची, आता ती कमी होत नाही. पण कंपनीने काढलं तर किमान 30 दिवसांची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. राजीनामा दिला की तो हक्क तुम्हीच सोडल्यासारखं होतं. तिकिटाचंही तसंच. कामगाराच्या चुकीने नोकरी गेली नसेल आणि तो दुसऱ्या मालकाकडे लागला नसेल, तर परत पाठवायचा खर्च मालकाचा. आणि नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत सगळे पैसे चुकते करायचे असतात.

अबूधाबीची वहिनी

पोलिसात देतील ही भीती मनातून काढून टाका. हक्काचे पैसे मागणं हा गुन्हा नाही.

तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे करायची, इथे सगळे त्याला मोहरे म्हणतात. मोबाईल ॲपवरूनही होते, वकील लागत नाही. आधी ते दोघांना बोलावून तडजोड घडवतात. नाही जमली तर 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यात 2024 पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देतं. तुमची रक्कम त्यातच बसते. कोर्टात जायची वेळ आलीच तर एक लाख दिरहमपर्यंत कामगाराला कोर्टाची फी नाही.

फक्त एक तपासा. कंपनी फ्री झोनमधली, म्हणजे स्वतःचं वेगळं प्रशासन असलेल्या उद्योग क्षेत्रातली असेल तर तक्रार आधी त्या झोनच्या कार्यालयात जाते. लेबर कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, कोणी दिलंय त्यावरून कळेल.

भाषेची किंवा कागदांची अडचण आली तर दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे मोफत सल्ला मिळतो. तुम्ही गावाहून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवू शकता, ती दूतावासापर्यंत पोहोचते.

संगमेश्वरी

वहिनी, लेबर कार्ड मंत्रालयाचंच आहे, आत्ताच फोटो मागवून बघितला. 2016 चं पहिलं कॉन्ट्रॅक्ट इथे ट्रंकेत होतं, तेही सापडलं. त्याचा आणि बँकेच्या पासबुकाचा फोटो त्यांना पाठवतेय. उद्या सकाळी ते ऑफिसात जाऊन नोटीस लेखी मागणार आहेत. नाही दिली तर दुपारीच तक्रार करू. काय होतं ते इथेच कळवते.