रेकॉर्डर बंद पडला तर कळणार कसं?

सेक्रेटरी: पार्किंगमधून सायकल गेली त्या रात्रीचं फूटेज नाही. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर चालू दिसत होता, पण आत काहीच रेकॉर्ड झालेलं नाही. असं परत व्हायला नको. काय करता येईल?

ए-४०२: काका, मी एक डबी बनवून देतो. ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड मिळतो, वाय-फाय त्यातच असतं. तो दर मिनिटाला रेकॉर्डर, ऑफिसचा पीसी आणि गेटवरचा पीसी यांना पिंग करेल. सलग तीनदा उत्तर नाही आलं तर लाल दिवा आणि बझर. वाय-फायवर एखादं पॅकेट हरवतंच, म्हणून एका चुकीवर बोंब नको.

बी-१०१: अरे, पण मग आमच्या घरचे लॅपटॉपपण दिसणार का त्यात?

ए-४०२: नाही काकू. पिंग म्हणजे नुसती हाक, समोरून ओ आली की झालं. स्क्रीनवर काय आहे, फाइल्स कुठल्या, काही कळत नाही. आणि यादीत सोसायटीची तीनच मशिन आहेत. घरोघरचं नेट वेगळं, तिथे डबी पोचतच नाही.

सी-३०३: चांगली कल्पना आहे, पण नुसत्या पिंगवर विसंबू नकोस. विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका अडवणारा पहारेकरी, बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही, पीसी चालू असून लाल दिसेल. तिथे परवानगी द्यावी लागेल. रेकॉर्डरचं उलटं आहे. हार्ड डिस्क गेली तरी तो पिंगला उत्तर देत राहतो. म्हणजे सायकल गेली त्या रात्रीसुद्धा तुझा दिवा हिरवाच राहिला असता.

ए-४०२: खरंय ताई. मग डिस्कचं कसं कळेल?

सी-३०३: बऱ्याच रेकॉर्डरना मागे 'अलार्म आउट'ची, म्हणजे तारा लावायच्या दोन टोकांची जोडी असते. सेटिंगमध्ये डिस्क एररला ती जोडली की बिघाड झाल्यावर आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ती दोन टोकं एकमेकांना जोडतो. ती जोडी बोर्डच्या एका पिनला आणि ग्राउंडला लाव. ३४ ते ३९ पिन घेऊ नकोस, त्यांना आतला पुल-अप, म्हणजे काही जोडलेलं नसताना पिन 'हाय' ठेवणारा रेझिस्टर, नसतो. २७ चालेल. बाहेरून व्होल्टेज मात्र देऊ नकोस, पिन ३.३ व्होल्टचीच आहे.

सेक्रेटरी: आत्ता मागे बघितलं. हिरवी स्क्रूवाली पट्टी आहे, त्यावर 'अलार्म आउट' लिहिलंय.

सी-३०३: मग काम झालं. तिन्ही मशिनचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, राउटरमध्ये पक्के करून घ्या, नाहीतर पत्ता बदलला की डबी भलत्यालाच हाक मारेल.

ए-४०२: हिरवा दिवा मी लुकलुकता ठेवतो. लुकलुक थांबली की डबीच अडकली समजायचं. बसवायची वॉचमनच्या केबिनमध्ये, इन्व्हर्टरच्या लाइनवर. ग्रुपवर मेसेज नंतर जोडू, कारण नेट गेलं तर तो येणारच नाही. बझर नेटशिवाय वाजतो.

बी-१०१: रात्रपाळीच्या वॉचमनलाही नीट समजावून सांग रे. लाल लागला तर फोन कुणाला करायचा, ते डबीवरच चिकटव.

ए-४०२: हो काकू, मोठ्या अक्षरात लावतो.

सेक्रेटरी: रविवारी दहाला ऑफिस उघडतो. रेकॉर्डरचा पासवर्ड माझ्याकडे आहे. बसवून झालं की दोन्ही वॉचमनसमोर केबल काढून बघू, बझर वाजला की मगच सामानाचे पैसे व्हाउचरवर घेतो.