४ टक्के कशाचे?

निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशातून दरवर्षी किती काढायचे, यासाठी '४ टक्क्यांचा नियम' सांगतात. वरच्या प्रतिसादात त्याचा अर्थ 'दरवर्षी शिल्लक रकमेच्या ४ टक्के काढायचे' असा धरलाय. तसं नाहीये. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये जे मांडलं त्यात ४ टक्के फक्त पहिल्या वर्षी. पुढे तीच रक्कम महागाईनुसार वाढवत न्यायची, बाजार पडो की चढो. सगळी मेख तिथेच आहे.

समजा १ कोटी आहेत. पहिल्या वर्षी ४ लाख काढले, महागाई ६ टक्के, म्हणजे पुढच्या वर्षी ४ लाख २४ हजार. पण तोवर बाजार आपटून शिल्लक ८० लाखांवर आली, तर ही उचल ५.३ टक्के झाली. सुरुवातीलाच अशी दोन-तीन वर्षं लागोपाठ आली की नंतरची तेजी काय कामाची? फंडाची युनिट्स तर आधीच स्वस्तात विकून खाल्लीत! अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी निवृत्त झालेल्यांना हाच फटका बसला: १९७३-७४ ची मंदी आणि वर दोन आकडी महागाई. सरासरी परतावा बघून हे कळतच नाही.

बरं, हा सगळा हिशोब अमेरिकी शेअर्स, तिथले सरकारी रोखे आणि ३० वर्षं यांवरचा. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावणं मला तरी धाडसाचं वाटतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज पाच वर्षं ठरलेलं राहतं हे खरं, पण ते महागाईबरोबर वाढत नाही. त्यामुळे पहिल्या काही वर्षांचा खर्च एफडीत वेगळा काढून ठेवा, म्हणजे पडत्या बाजारात युनिट्स विकावी लागणार नाहीत, असं मी सुचवेन.